बाबांचं दुसरं नाव

प्रश्न : ताई, माझे बाबा गेल्या वर्षी साखर कारखान्यातून निवृत्त झाले. आमच्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. परवा त्यांच्या फोनवरून गॅस बुक करताना खोट्या नावाचं एक खातं दिसलं. बातम्या देणाऱ्या तरुण मुलींच्या व्हिडिओंखाली ते रोज घाणेरडं लिहितात, कपड्यांवरून, चारित्र्यावरून. माझे खरे बाबा कोणते? आईला सांगू का?
– एक मुलगी, सांगली जिल्हा

उत्तर : दोन्ही खरे. पडद्याआड जीभ सैल का सुटते, यावर जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये लिहिलं. तिथे बोलतो तोच माणसाचा खरा चेहरा असं मानू नका, हे त्याने तेव्हाच बजावलं होतं. परिस्थिती बदलली की त्याच माणसाची वेगळी बाजू वर येते. तेव्हा घरातले शांत बाबा हे सोंग नव्हतं. पण ‘ते बाबा नव्हतेच’ अशी समजूतही घालून घेऊ नकोस. बोटं त्यांचीच होती.

काहींना दुसऱ्याला दुखावण्यातच मजा येते. ट्रोलिंगची आवड असणाऱ्यांत ही वृत्ती ठळक असल्याचं कॅनडातल्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं. तुझ्या पत्रावरून बाबा त्यातले वाटत नाहीत. मला २०१७ चा एक अमेरिकी प्रयोग आठवला. लोकांना आधी सोपी किंवा अवघड चाचणी दिली, मग एका लेखाखाली प्रतिक्रिया लिहायला सांगितलं. चाचणी सोपी आणि आधीच्या प्रतिक्रिया साध्या असताना ३५ टक्के प्रतिक्रिया ट्रोल छापाच्या निघाल्या. अवघड चाचणीने मूड बिघडलेला आणि वर आधीच गरळ ओकलेली असली, की ६८ टक्के! निवृत्त माणसाला ‘आता आराम करा’ सगळे सांगतात, दुपारी दोन ते पाच करायचं काय हे कुणी सांगत नाही. त्यात फोनवर शिव्यांची पंगत बसलेलीच असते. हे कारण झालं, माफी नव्हे.

खातं गुपचूप बंद करू नकोस, दुसरं पाच मिनिटांत उघडतं. हैफा विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासात निनावीपणापेक्षाही नजरेला नजर नसणं जास्त घातक ठरलं होतं. म्हणून ते एकटे असताना समोर बस आणि त्यांचीच एक प्रतिक्रिया तुझ्याकडे बघत मोठ्याने वाचायला सांग. भाषण देऊ नकोस. ‘सगळेच लिहितात’, ‘गंमत केली’ म्हणतील, ऐकून घे. ‘त्या मुलीच तशा’ म्हणाले तर मात्र तिथेच थांबव. त्या तुझ्याच वयाच्या, पोटासाठी नोकरी करणाऱ्या मुली आहेत.

लिहिलेलं सगळं त्यांनीच पुसायचं. स्त्रीच्या लज्जेचा अवमान करणाऱ्या शब्दांसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हेही कानावर घाल.

आईला लगेच सांगू नकोस, आधी त्यांना आठ दिवस दे. खातं तरीही चालू राहिलं तर मात्र सांग. नवऱ्याचं हे वागणं तिला शेजाऱ्यांकडून किंवा पोलिसांकडून कळू नये.