स्कायडायव्हिंग आणि स्कुबा डायव्हिंग यांत जास्त धोका कशात? आपली मर्यादा कशी ठरवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४७, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, आठ दिवसांच्या सुट्टीत टँडम उडी (प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारायची) आणि स्कुबाचा ओपन वॉटर (नवशिक्यांचा पहिला) कोर्स दोन्ही करायचं आहे. जास्त धोका कशात, आणि ‘आता पुरे’ हे कसं ओळखायचं?

आधी क्रमाचं सांगतो. ते तुम्ही विचारलेलं नाही, पण घोळ नेमका तिथेच होतो. उडी आधी, पाणी नंतर. पाण्याच्या दाबाखाली श्वास घेतला की शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायला तासन्‌तास लागतात. त्या अवस्थेत उंचावर गेलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात. प्रवासी विमानासाठी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि रोज अनेक डाइव्ह केले असतील तर १८ तास थांबा, असा नियम आहे. पण तो केबिनमधला दाब फार तर ८,००० फुटांवरच्या हवेइतका असेल असं धरून केलेला आहे. उडीचं विमान १३,००० फुटांच्या आसपास दार उघडतं आणि त्याच्या केबिनमध्ये दाब राखलेला नसतो. तेव्हा १८ तासांचा हिशेब तिथे लावू नका. आधी उडी घेतलीत तर हा प्रश्नच उरत नाही.

जास्त धोका कशात, याला एका आकड्यात उत्तर नाही. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनने २०२३ साठी सुमारे ३६.५ लाख उड्या आणि १० मृत्यू नोंदवले. म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त उड्यांमागे एक. स्कुबात एकूण डाइव्ह किती झाले याची अशी मोजदाद होत नाही, त्यामुळे तसा भागाकार करता येत नाही. माणसं कशाने गेली हे मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे. डायव्हर्सच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये ९४७ मृत्यूंचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. सुरुवात कशाने झाली हे ज्या प्रकरणांत कळलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ती सिलिंडरमधली हवा कमी पडल्याने झाली होती. शार्कची काळजी सोडा, प्रेशर गेजची (किती हवा उरली ते दाखवणाऱ्या मीटरची) करा.

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो दोन्हींच्या स्वभावातला फरक. उडीत काहीच केलं नाही तर माणूस मरतो. डाइव्हमध्ये बहुतेक वेळा घाईघाईने काहीतरी केलं म्हणून मरतो. तुम्ही घाबरल्यावर थिजता की धावत सुटता, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. थिजणाऱ्याला आकाश वाईट, धावणाऱ्याला पाणी.

एकट्याने घ्यायच्या उडीचं गणित असं. पोट जमिनीकडे ठेवून पडताना वेग ताशी १२० मैल, म्हणजे साधारण १९० किलोमीटर होतो. पहिल्या १,००० फुटांना दहाएक सेकंद, नंतरच्या प्रत्येक हजाराला साडेपाच-सहा. ३,००० फुटांवर काहीच उघडलेलं नसेल तर जमिनीला १७ सेकंद उरलेले असतात. अमेरिकी नियमात ए परवानाधारकाने (सर्वांत पहिल्या पायरीचा परवाना) मेन म्हणजे मुख्य पॅराशूट निदान ३,००० फुटांच्या वर उघडायला हवं, टँडमला ही मर्यादा ५,००० फूट आहे. ३,००० हा नियमाचा तळ आहे. नवख्याने आपला तळ ४,००० ठेवावा. पॅराशूट पूर्ण फुलायलाच ६०० ते १,००० फूट जातात, आणि नवख्याला २,५०० फुटांपर्यंत ठरवावं लागतं: हे ठेवायचं की सोडून रिझर्व्हकडे, म्हणजे राखीव पॅराशूटकडे, जायचं. ३,००० ला ओढलंत तर बघेबघेपर्यंत निर्णयाची उंची मागे पडलेली असते. वरचे १,००० फूट म्हणजे उसने घेतलेले सहा सेकंद.

कॅनपी (पॅराशूटचं उघडलेलं कापड) डोक्यावर आली की तीन गोष्टी पाहायच्या: आकार चौकोनी आहे का, स्थिर आहे का, वळवता येते का. दोऱ्यांना नुसता पीळ पडला असेल तर रायझर्स (खांद्यावरून दोऱ्यांकडे जाणारे पट्टे) फाकवून, पाय झाडून तो बहुधा सुटतो. पण गिरक्या सुरू झाल्या असतील किंवा एखादी दोरी कॅनपीवरून गेली असेल तर २,५०० च्या आत फैसला. मग उजवं कटअवे (मेन सोडून देणारं) हँडल डोळ्यांनी बघायचं, हातात घट्ट धरायचं, डावं रिझर्व्हचं हँडल बघायचं, शरीराची कमान करायची, उजवं पूर्ण ओढायचं, लगेच डावं पूर्ण ओढायचं. हँडल्सची जागा आणि पद्धत तुमच्या शाळेने जशी शिकवली तशीच पाठ करा. इंटरनेटवरच्या उत्तरावरून, म्हणजे या उत्तरावरूनही, नको. १,००० फुटांखाली मेन सोडायचं नाही. तिथे सोडून नवं उघडायला उंची पुरेल याची खात्री नसते, त्यामुळे रिझर्व्ह बाहेर काढून डोक्यावर जेवढं कापड जमेल तेवढं जमवायचं.

‘स्वयंचलित यंत्र आहे ना!’ हे वाक्य इथे नेहमी ऐकू येतं. सायप्रेससारखं यंत्र अनुभवी माणसाच्या मोडमध्ये साधारण ७५० फुटांवर रिझर्व्ह उघडतं, पण वेग ताशी ७८ मैलांच्या वर असेल तरच. अर्धवट उघडून गिरक्या खाणारी कॅनपी त्यापेक्षा हळू, तरीही हाडं मोडण्याइतक्या वेगाने खाली येऊ शकते, आणि मग यंत्र गप्प बसतं. विद्यार्थ्यांच्या मोडमध्ये हा वेग ताशी २९ मैल असतो. कुठल्या मोडचं यंत्र पाठीवर आहे हे विचारायला लाजू नका.

शिवाय बरेच अपघात पॅराशूट व्यवस्थित उघडल्यावर होतात. जमीन जवळ आल्यावर अडथळा दिसतो, माणूस दचकून एका बाजूचा टॉगल (वळवण्याच्या दोरीची मूठ) खाली ओढतो, कॅनपी वळता वळता सूर मारते. २०० फुटांखाली वाऱ्याकडे तोंड करण्यासाठी मोठं वळण घेऊ नका. वाऱ्यासोबत सरळ उतरून घसरत, गडगडत थांबलेलं परवडतं. कॅनपी निवडताना बाहेर पडतानाचं पूर्ण वजन धरा. ७७ किलोचा माणूस आणि १२ किलोचं साहित्य मिळून सुमारे १९६ पाउंड. त्याला २०० चौरस फुटांची कॅनपी दिली तर भार पाउंडाला एक चौरस फूट, आणि सुरुवातीला तेवढाच ठीक. विद्यार्थ्याला जमिनीवरचा वारा ताशी १४ मैलांपर्यंतच चालतो. इतर उडताहेत म्हणून तुम्ही उडायचं कारण नाही. त्यांची कॅनपी वेगळी, हातही वेगळे.

टँडममध्ये हे सगळं प्रशिक्षक बघतो. तुमच्याकडे दोन-तीनच गोष्टी उरतात. खांदा पूर्वी निखळला असेल तर आधी सांगा, कारण वाऱ्यात हात पसरल्यावर तो पुन्हा निसटू शकतो. उतरताना पाय मांडीपासून उचलून पुढे धरा. पाय अर्धवट खाली राहिले तर घोटा मोडतो. बसल्या जागी गुडघे छातीकडे घेऊन दहा सेकंद धरता येत नसतील तर तेही आधी सांगा.

आता पाणी. ‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ ही म्हण इथे अजिबात लावू नका.

सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचं एकक) उरले की वर या, असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा कुठल्या खोलीवर खरा आहे ते एकदा कागदावर काढा. १२ लिटरचं सिलिंडर आहे, बडीची (सोबतच्या जोडीदाराची) हवा संपली आहे आणि दोघं तुमच्या एकाच सिलिंडरवर वर येताहेत असं समजा. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला ३० लिटर घेतो, म्हणजे दोघांचे ६०. ३० मीटरवर दाब ४ बार. गोंधळ निस्तरायला एक मिनिट: २४० लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगाने ५ मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन: ४९५ लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घेतलेला थांबा): २७०. शेवटचं एक मिनिट: ७५. बेरीज १,०८० लिटर, भागिले १२, म्हणजे ९० बार. हाच हिशेब १८ मीटरला सुमारे ६० बार येतो आणि १२ मीटरला ४७. म्हणजे ५० बारचा नियम बारा मीटरच्या डाइव्हचा आहे आणि लोक तो तीस मीटरवर घेऊन जातात. शांतपणे मिनिटाला २० लिटर घेणाऱ्याला २०० बारच्या सिलिंडरमध्ये ३० मीटरवर ९० राखून उरतात ११० बार. ती सुमारे १६ मिनिटं झाली, आणि त्यात खाली जाण्याचा वेळही आला. डाइव्ह आखताना आधी परतीची हवा बाजूला काढा, उरेल ती खर्चाची.

ओपन वॉटरला शिफारस केलेली मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्सड कोर्सला ३०, खोल डाइव्हचं वेगळं प्रशिक्षण घेतलं तर ४०. हे आकडे चांगल्या दिवसाचे आहेत: पाणी स्वच्छ, प्रवाह मंद, झोप पूर्ण. यातलं एकेक कमी होईल तसे मीटर कापत जा.

धावत सुटण्याचं बोलतो. खोलवर प्रवाहाविरुद्ध पाय मारले की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गेजवर १२० बार दिसत असतानाही ‘रेग्युलेटरमधून (तोंडात धरायच्या, सिलिंडरची हवा देणाऱ्या भागातून) हवाच येत नाही’ असं वाटायला लागतं. पुढची पायरी म्हणजे रेग्युलेटर तोंडातून उपटून वर झेप. त्याच्या आधीच थांबा. दगड किंवा दोर धरा, पाय मारणं बंद करा, श्वास लांब सोडा. घेण्याकडे नको, सोडण्याकडे लक्ष द्या. चार-पाच श्वासांत फरक पडला नाही तर हळू वर. वर येताना श्वास रोखायचा नाही, हा नियम कंटाळा येईपर्यंत का सांगतात? १० मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते, आणि पूर्ण भरलेल्या फुप्फुसाला इजा व्हायला जेमतेम मीटर-दीड मीटरचा चढही पुरतो. म्हणजे पोहण्याच्या तलावातसुद्धा.

कान पाण्यात शिरल्यापासून, दुखायच्या आधीच मोकळे करत जा. दुखलं तर मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न. दोन-तीनदा जमलं नाही तर डाइव्ह संपला. जोर लावू नका. सर्दीची गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खाली असतानाच ओसरला, तर अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही.

आणि तुमची गोळी. कोर्सच्या आधीच्या वैद्यकीय फॉर्मवर वय ४५ च्या वर असल्याचा वेगळा रकाना असतो, रक्तदाबाचाही. रक्तदाबाला ‘हो’ म्हटलं की डॉक्टरचं पत्र लागेल, सुट्टीतला दिवस जाईल, म्हणून लोक सगळीकडे ‘नाही’ लिहितात. वर सांगितलेल्या अभ्यासात सुमारे चौथा हिस्सा मृत्यूंच्या मुळाशी हृदय होतं. पत्र निघण्यापूर्वीच मिळवा, तेही शक्यतो डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरकडून.

‘आता पुरे’ ओळखण्याचं काय? त्या क्षणी ओळखता येईल यावर विसंबू नका. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची नशा चढू लागते, आणि विमानाच्या दारात अक्कल गहाण पडलेली असते. मर्यादा आदल्या दिवशी, आकड्यांत लिहून ठेवा: इतका वारा, इतके मीटर, इतके बार. मग त्या दिवशी विचार करायचा नाही, फक्त तुलना करायची. एका वेळी एकच गोष्ट नवी ठेवा. नवी जागा असेल तर जुनं साहित्य आणि ओळखीचा बडी. हेल्मेटवर कॅमेरा लावण्यापूर्वी २०० उड्या हव्यात असं म्हणतात, कारण दोर अडकण्याइतकाच तो लक्ष अडकवतो. ए परवाना आहे पण ६० दिवस उडी नाही, तर प्रशिक्षकासोबत उजळणी.

एक खूण मात्र आकड्यांत मावत नाही. बोटीवर बसून ‘लाटा वाढून हे रद्द झालं तर बरं’ असं मनात येत असेल, तर तुमचा निर्णय झालेलाच आहे, फक्त तो समुद्राने जाहीर करावा अशी तुमची इच्छा आहे. उडीच्या विमानातून परत खाली येता येतं. दाराशी जाण्यापूर्वी प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा. पाण्यात तर एक खूणच आहे. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘डाइव्ह संपला, वर चला’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करतात. नवखे हौसेने अंगठा दाखवतात आणि मग बडी आपल्याला वर का नेतोय ते त्यांना कळत नाही. उतरण्यापूर्वी बडीशी एवढं बोलून घ्या: कुणीही, कधीही अंगठा दाखवला तर दुसऱ्याने अंगठाच दाखवायचा आणि दोघांनी वर यायचं. कारण विचारायचं ते बोटीवर, तेही सांगावंसं वाटलं तर.