पोथीच्या मलपृष्ठावरचे ‘ट. ह.’ आणि ‘त्यात काय हशील?’

प्रश्न असा आहे: एका जुन्या छापील पोथीच्या मलपृष्ठावर ‘किं. १॥ रु., ट. ह. ।८२, व्ही. पी.ने मागविल्यास आकार निराळा’ असा मजकूर आहे. ‘ट. ह.’ म्हणजे टपालहमाली का? आणि ‘८२’ म्हणजे ब्याऐंशी आणे धरायचे का?

हमाली नव्हे. ट. ह. म्हणजे टपाल हशील. जुन्या छपाईत ‘हंशील’ असे अनुस्वारासहही दिसते. आपण ‘आता बोलून काय हशील?’ म्हणतो तोच हा शब्द. मूळ अरबी ‘हासिल’, म्हणजे हाती आलेले, मिळालेले. माणसाच्या हाती येते तो लाभ, सरकारच्या हाती येते तो कर किंवा जकात. मराठीने दोन्ही अर्थ घेतले. पुढे कराचा अर्थ बोलण्यातून गेला आणि लाभाचा तेवढा उरला, तोही बहुधा नकारार्थी प्रश्नात. महसूल आणि तहसील ही त्याच धातूची भावंडे; म्हणून हिंदी जाहिरातींत याच जागी ‘डाक महसूल’ असते. ‘वसूल’ मात्र या घरातला नाही, त्याचा धातू वेगळा.

काही ठिकाणी ‘ट. ख.’, म्हणजे टपालखर्च, असेही सापडते. माझ्या मते ‘हशील’ अधिक नेमका शब्द आहे: सरकारी दराने लागणारी तेवढी रक्कम. खर्चात वेष्टन, सुतळी, रजिस्टर सगळेच येऊ शकते.

आता आकडा. तो ब्याऐंशी नाही. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. पुढचा ‘८’ हा आठ नसून आण्याचे स्थान दाखवणारी खूण आहे. छापखान्यात ती आठच्या खिळ्यासारखीच (टाइपासारखीच) दिसते आणि तिथेच वाचणारा फसतो. म्हणून ।८२ म्हणजे चार अधिक दोन, सहा आणे. ८१ म्हणजे एक आणा; खुणेनंतरची रेघ पाव आण्याची, म्हणून ८॥ अर्धा आणा, ८। पाव आणा अर्थात एक पैसा. किंमत १॥ म्हणजे दीड रुपया. रुपयाचे आणे १६, तेव्हा गिऱ्हाइकाला ही पोथी घरपोच १ रुपया १४ आण्यांना पडे.

हशिलाचा एकच आकडा सगळ्या गावांसाठी छापता येई, कारण दर वजनावर होता. १८५४च्या टपाल कायद्याने पत्रांच्या दरातून अंतर काढून टाकले (पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा), आणि बुकपोस्टही (छापील पुस्तकांचे टपाल) वजनावरच चाले. जाड पोथीचे हशील जास्त, स्तोत्राच्या चोपडीचे कमी. म्हणून प्रकाशकाच्या यादीत प्रत्येक ग्रंथापुढे ट. ह. वेगळे दिलेले असते. बुकपोस्टाचे पुडके दोन्ही टोकांनी उघडे ठेवावे लागे आणि आत खासगी चिठ्ठी चालत नसे.

‘व्ही. पी.’ म्हणजे व्हॅल्यू पेएबल. ही सोय टपालखात्याने १८७७ साली सुरू केली. गिऱ्हाइकाने पत्र टाकायचे (१८७९पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड पुरे), प्रकाशकाने किंमत नोंदवून पुडके पाठवायचे, टपालवाल्याने पैसे घेऊन ते हवाली करायचे आणि रक्कम प्रकाशकाकडे पोचती व्हायची. त्यासाठी लागणारा जादा आकार, म्हणजे शुल्क, तो ‘निराळा’. गिऱ्हाइकाने पुडके नाकारले की ते परत येई आणि जाण्याचे हशील प्रकाशकाच्या अंगावर पडे. म्हणून ‘हशील आगाऊ पाठवावे’ अशी अटही पुष्कळदा दिसते. ही लहान रक्कम अर्ध्या आण्याच्या टपाल तिकिटांनी पाठवणे सोयीचे, कारण तीच तिकिटे प्रकाशकाला पत्रांना उपयोगी पडत.

पोथीचे पहिले पान फाटले असेल आणि साल कळत नसेल, तर या ओळीचा उपयोग होतो. व्ही. पी.चा उल्लेख असेल तर ते मलपृष्ठ १८७७च्या आधीचे नाही. मनीऑर्डरीचे काम टपालखात्याकडे १८८०मध्ये आले, त्याआधी ते सरकारी खजिन्यातून चाले. म्हणून ‘पोस्टाच्या मनीऑर्डरीने’ असे शब्द असतील तर ते १८८०नंतरचे. फक्त मलपृष्ठ मागाहून डकवलेले नाही ना, एवढे कागद आणि शिवण पाहून ठरवा. जुन्या पोथ्यांना नवे पुठ्ठे सर्रास चढवलेले असतात.