मराठीत ‘उंट’ या शब्दाचे किती अर्थ आणि वापर आहेत? बुद्धिबळातल्या बिशपला आपण उंट का म्हणतो?

तुम्ही लिहिलंय की मुलाला बुद्धिबळ शिकवताना तुम्ही ‘हा उंट’ म्हणालात, त्याने सोंगटी हातात घेऊन ‘यात उंट कुठाय?’ विचारलं, आणि तिथून गोष्ट ‘उंटावरचा शहाणा’पर्यंत गेली. मी बरीच वर्षं मुद्रितं तपासतो आहे आणि हा शब्द माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलाचं बरोबर आहे, त्या सोंगटीत उंट नाहीच. आपण ज्या आकाराच्या सोंगट्या वापरतो ती स्टाँटन घडण १८४९ साली लंडनमध्ये बाजारात आली. टोकाला खाच असलेली ती सोंगटी म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूची उंच टोपी आहे. नाव आपलं आणि आकार त्यांचा, असा तो जोड आहे. त्याहून मजेची गोष्ट अशी की या घरात मुळात हत्ती होता. अरबीत या सोंगटीला आजही ‘फील’ म्हणजे हत्तीच म्हणतात, रशियनमध्ये ‘स्लोन’ म्हणजे हत्ती, बंगालीत ‘गज’. आपल्याकडे आणि हिंदीत हत्ती कोपऱ्यात, जुन्या रथाच्या जागी गेला आणि आतल्या घरात उंट उभा राहिला. तिरकी लांबलचक धावही जुनी नाही. आधी ही सोंगटी तिरकी दोनच घरं उडी मारायची. पट ओलांडून जाणारी चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आली.

मुलाला आवडेल असं आणखी एक सांगतो. तैमूरच्या नावाने ओळखलं जाणारं एक मोठं बुद्धिबळ होतं, ११२ घरांचं. त्यात खराखुरा उंट होता, अरबी नाव ‘जमल’. घोडा दोन घरं सरळ आणि एक आडवं जातो, हा उंट तीन सरळ आणि एक आडवं. पटावर बोट ठेवून मोजून बघा: आपला उंट काय किंवा तो जमल काय, काळ्या घरात सुरुवात केली तर शेवटपर्यंत काळ्याच घरांत राहतो.

आता शब्द. संस्कृत ‘उष्ट्र’, प्राकृत ‘उट्ट’, आणि आपला ‘उंट’. गेल्याच आठवड्यात लहान मुलांच्या एका पुस्तकाच्या मुद्रितात मोठ्या सुंदर चित्राखाली ‘ऊंट’ छापलेलं आलं. मी ‘ऊ’ कापून समासात ‘उ’ लिहिला. हिंदीत ‘ऊँट’ दीर्घ आणि नाकातला. आपण स्पष्ट ‘उण्ट’ म्हणतो. चिंच, भिंत, खुंटी, सुंठ यांच्यासारखाच हा ऱ्हस्व. कृपा करून मुलाला ऱ्हस्वच शिकवा.

या शब्दाचे नातलग फार लांबवर पसरले आहेत. इराणच्या जुन्या अवेस्ता भाषेतही उंटाला ‘उश्त्र’च म्हणत, आणि पारशी धर्माचे प्रेषित झरथुष्ट्र यांच्या नावाचा उत्तरार्ध तोच आहे. फारसीत त्याचं ‘शुतुर’ झालं. ‘शुतुरमुर्ग’ म्हणजे उंटपक्षी. तोच मराठीत येताना ‘शहा’ आणि ‘मृग’ असे ओळखीचे कपडे घालून आला आणि शहामृग झाला. त्याच्या शास्त्रीय नावातही, ‘स्ट्रुथिओ कॅमेलस’मध्ये, उंट आहेच. शहामृगाची मान आणि चाल बघितली की हे नाव ठेवणाऱ्यांची नजर पटते.

म्हणींकडे येतो, कारण मला खरं सांगायचंय ते इथे आहे.

माझी आजी ‘उंटावरचा शहाणा’ची गोष्ट सांगायची ती अशी. एका घरात रेडकाने पाणी प्यायला रांजणात तोंड घातलं आणि डोकं अडकलं. गाव जमलं. कुणाला काही सुचेना, म्हणून लांबच्या गावातून एका शहाण्याला बोलावलं. तो उंटावर बसून आला. दार ठेंगणं, उंट आत जाईना. कुणी म्हणालं, ‘खाली उतरा की.’ तो उतरला नाही. म्हणाला, ‘भिंत पाडा.’ भिंत पाडली. रांजण बघून म्हणाला, ‘रेडकाची मान कापा.’ कापली. डोकं आतच राहिलं, तेव्हा म्हणाला, ‘आता रांजण फोडा.’ घर, रेडकू, रांजण, तिन्ही गेले. आजी इथे थांबायची आणि विचारायची, ‘त्यानं काय करायला हवं होतं?’ आम्ही मुलं ‘आधी रांजण फोडायचा!’ म्हणून ओरडायचो. आजी मान हलवायची. ‘आधी खाली उतरायचं.’

मराठीतला उंट असा खालून बघितलेला आहे. ‘उंटावरून शेळ्या हाकणं’ घ्या. शेळी गुडघ्याएवढी, तिच्यामागे चालावं लागतं, काट्यातून ओढून काढावी लागते. आणि हाकणारा बसलाय वर, हातातली काठी खाली पोचतसुद्धा नाही. बांधावर न जाता फोनवरून शेती करणाऱ्याला आपण हेच म्हणतो. मुलगा एकदम उंच झाला की ‘उंटासारखा वाढलाय’ म्हणतात, तिथेही उंचीच. आपल्याकडे उंट पाळीव म्हणून दावणीला नव्हता, तो यायचा पाहुणा म्हणून, आणि त्यावर बसलेला माणूस जमिनीपासून तुटलेला दिसायचा. म्हणी त्या दिसण्यातून आल्या, असं माझं ठाम मत आहे. निवडणुकीच्या बातम्यांत ‘उंट कोणत्या कुशीवर बसतो ते पाहू’ येतं, ते हिंदीतून आलेलं. वाळवंटाजवळच्या लोकांनी उंट बसताना बघितला. आपण तो उभाच बघितला.

पण कामाच्या उंटाला मराठीने वेगळा शब्द ठेवला: सांडणी. सांडणी म्हणजे वेगाने चालणारी उंटीण. मराठ्यांच्या काळात निकडीची पत्रं सांडणीस्वाराबरोबर जात, आणि ‘सांडणीस्वार आला’ एवढ्या दोन शब्दांनी वाड्यातला श्वास रोखला जाई. या शब्दात थट्टेचा लवलेश नाही. जुन्या अठरा कारखान्यांच्या, म्हणजे राज्याच्या खात्यांच्या, यादीत पीलखाना हत्तींचा, तसा उष्टरखाना उंटांचा. आणि उंटाच्या पाठीवरून डागायच्या हलक्या तोफा म्हणजे सुतरनाळा. यातला ‘सुतर’ तोच फारसी शुतुर. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अब्दालीच्या उंटांवरच्या अशाच तोफांनी, ज्यांना जंबुरक म्हणत, आपल्या माणसांची फार हानी केली. म्हणींतला हास्यास्पद उंट आणि हा उंट एकच प्राणी आहे, हे मुलाला थोडा मोठा झाल्यावर जरूर सांगा.

संस्कृतातून आलेला एक सुरेख वापर राहिला. उंटाच्या लग्नात गाढवं गातात आणि दोघं एकमेकांना म्हणतात, ‘अहो रूपम्, अहो ध्वनिः!’ एकमेकांची खोटी वाहवा करणाऱ्यांसाठी आपण नुसतं ‘अहो रूपं अहो ध्वनि’ म्हणतो. त्यात उंट आहे हे कित्येकांच्या लक्षातही राहत नाही. योगातलं उष्ट्रासन तुम्हाला माहीत असेलच.

आणि घरात ‘कॅमल’ही आहेच. मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. त्यांची कॅमल शाई इतकी चालली की कॅमल आणि इंक मिळून ‘कॅम्लिन’ हे नाव झालं. आमच्या पिढीला उंटाची पहिली ओळख त्या दौतीवरच्या चित्रातून झाली, झाकणाशी निळा ओघळ सुकलेला असायचा तिथे. चित्रकलेच्या दुकानात ‘कॅमल हेअर’ ब्रश मिळतो त्याचे केस मात्र उंटाचे नसतात, बहुतेक खारीचे असतात. मुलाने विचारलंच, तर तुमच्याकडे उत्तर असू द्या.