सिआराला जाताय? निम्मे दिवस किनारा सोडून आत घालवा

नोव्हेंबरात दहा दिवस ब्राझीलच्या सिआरा राज्यात आहात, फोर्तालेझा आणि जेरिकोआकोआरा ठरलंय, आणखी कुठले समुद्रकिनारे घ्यावेत, गाडी भाड्यानं घ्यावी का आणि शाकाहारी आईचं जेवणाखाण्याचं काय, असं विचारलंय तुम्ही. पहिल्याचं उत्तर देऊन टाकतो: आणखी एकही किनारा नको. वाळूच्या टेकड्या, नारळ, पतंगाला लटकून लाटांवर सरकणारी माणसं, हे तिसऱ्या ठिकाणीही तसंच दिसतं. उरलेले दिवस आतल्या भागाला, म्हणजे कोरड्या सेर्तांवला द्या.

त्याआधी जेरीचं, म्हणजे जेरिकोआकोआराचं सांगतो. नोव्हेंबरात वारा जोरात असतो, पाऊस जवळजवळ नाही. पाऊस साधारण फेब्रुवारी ते मे, त्यामुळे फोटोत दिसणारी तुडुंब तळी तुम्हाला बरीच आटलेली मिळतील. पेद्रा फुरादाच्या खडकातल्या भोकातून मावळणारा सूर्यही जून-जुलैकडचा, तुमच्या वेळचा नाही. तरी गाव छान आहे, रस्त्यांवर नुसती वाळू आणि विजेचे खांब नाहीत. भाड्याची गाडी अलीकडच्या जिजोका गावात ठेवा आणि पुढे तिथल्या उघड्या फोर-बाय-फोर ट्रकनं जा. छोटी गाडी वाळूत रुतते आणि काढायला बसणारा भुर्दंड मोठा असतो. सूर्य संध्याकाळी साडेपाचच्या आसपास मावळतो, म्हणून दिवस पहाटेच सुरू करायचा.

फोर्तालेझात द्रागांव दो मार नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. बहुतेक जण संध्याकाळी बिअर प्यायला जातात आणि नाव कुणाचं हे विचारत नाहीत. ते फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो या माणसाचं टोपणनाव. त्या काळी शहराला धड बंदर नव्हतं. जहाजं लांब उभी राहायची आणि माणसं-माल जांगादा या शिडाच्या तराफ्यांवरून न्यावा लागे. 1877 ते 79 च्या भीषण दुष्काळानंतर इथले मालक आपले गुलाम दक्षिणेकडच्या कॉफीच्या मळ्यांना विकत होते. 1881 मध्ये जांगादावाल्यांनी गुलाम जहाजापर्यंत न्यायला साफ नकार दिला, आणि त्यांच्या पुढाऱ्यांत हा होता. सिआरानं गुलामगिरी 1884 मध्ये संपवली, उरलेल्या ब्राझीलच्या चार वर्षं आधी. दुष्काळ आणि किनारा यांचं नातं इथं असं आहे, म्हणूनच आत जा म्हणतोय.

आतला पहिला मुक्काम किशादा. गाडी घ्यायचीच तर या टप्प्यासाठी घ्या, फक्त अंधार पडल्यावर चालवू नका, गाढवं आणि गुरं रस्त्यात उभी असतात. सपाट माळावर एकेकटे उठलेले प्रचंड काळे खडक, आणि त्यातल्या एकाचा आकार थेट खुडूक कोंबडीचा. तिच्या पायाशी सेद्रोचं धरण आहे. त्याच दुष्काळानंतर सम्राट दुसऱ्या पेद्रोच्या काळात ते बांधायचं ठरलं आणि पुरं झालं 1906 मध्ये, तोवर सम्राटही गेला आणि साम्राज्यही! (सरकारी धरणं सगळीकडे सारखीच.)

मग राज्याच्या दक्षिणेचा कारिरी हा भाग. फोर्तालेझाहून जुआझेइरो दो नोर्ते साधारण 500 किलोमीटर, रात्रीची बस आहे, विमानही आहे. आई बरोबर आहेत तर विमान. तिथं टेकडीवर पाद्रे सिसेरो या धर्मगुरूचा 27 मीटर उंच पुतळा आहे, 1969 चा. 1889 मध्ये त्याच्या हातून दिलेल्या प्रसादाचं एका बाईच्या तोंडात रक्त झालं, असं लोक सांगू लागले. चर्चनं ते मानलं नाही आणि त्याचे धार्मिक विधींचे अधिकार काढून घेतले. लोकांनी मात्र त्याला सोडलं नाही, आणि तो गावाचा पहिला महापौरही झाला. 2 नोव्हेंबरला तिथं मोठी यात्रा भरते. गर्दी चालत असेल तर खोली खूप आधी धरा, नाहीतर सरळ आठवडाभरानं जा.

तिथून सांताना दो कारिरीचं जीवाश्म संग्रहालय चुकवू नका. उबिराजारा हा छोटा डायनोसॉर जर्मनीहून 2023 मध्ये परत आणला, तो इथला. रस्त्यात कुणी दगडातला मासा विकायला आला तर हात लावू नका. 1942 पासून कायद्यानं जीवाश्म सरकारच्या मालकीचे आहेत.

आईंचं जेवण: बाइआंव दे दोइस म्हणजे चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवून वर कोआल्यो चीज, पण त्यात बहुधा बेकनचे तुकडे असतात. ‘सें कार्नी’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही, कारण बऱ्याच जणांच्या लेखी कार्नी म्हणजे बीफ. बेकन, कोंबडी, मासे वेगवेगळे नाकारा. तापिओका निर्धास्त खाऊ दे, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच्याच पिठीचा पोळा, खोबरं-चीज घालून. शिवाय नोव्हेंबर म्हणजे काजूचा हंगाम. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेलं झाड मूळचं ब्राझीलचंच. बोंडूचा गाळलेला, बिनदारूचा रस काजुईना या नावानं बाटलीत मिळतो. कारिरीत जरूर घ्या.

शेवटी कागदपत्रं. व्हिसा लागतोच. आणि येलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घेऊन कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ब्राझीलहून भारतात परत उतरताना ते विचारतात, नसेल तर विलगीकरणात पाठवू शकतात. बसची तिकिटं ऑनलाइन काढताना तिथला कर क्रमांक मागतात आणि गाडं अडतं. सरळ बसस्थानकाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून काढा.