ट्रॅकवरचा एवढासा उंचवटा ताशी ३०० किमी वेगाच्या रेसिंग कारला खरंच बाहेर फेकू शकतो का?

तुम्ही विचारलंय की अपघाताचा दोष उंचवट्यांवर टाकणं म्हणजे चालकाची चूक झाकणं नाही का. बरीच वर्षं मलाही तसंच वाटायचं. इटलीतल्या इमोला ट्रॅकवर एर्टन सेना या चालकाचा जीव घेणाऱ्या अपघाताबद्दल वाचत गेलो, तसं मत बदललं.

फॉर्म्युला वनची गाडी रस्त्याला धरून राहते ती नुसत्या टायरच्या जोरावर नाही. पोटाखालून वेगाने जाणारी हवा तिला खाली ओढते. पोट जमिनीच्या जितकं जवळ तितकी ही ओढ सहसा जास्त, म्हणून इंजिनिअर गाडी मिलिमीटर मोजत खाली आणतात आणि स्प्रिंग कडक ठेवतात. अशात उंचवटा आला की पोट डांबराला घासतं, हवेची वाट कोंडते आणि खालची ओढ एकदम कमी होते. सरळ रस्त्यावर ठिणग्या उडून भागतं. भर वळणात मात्र पकडच सुटते.

१ मे १९९४, इमोलाचं ताम्बुरेलो वळण. सुरुवातीच्याच अपघातामुळे सेफ्टी कार (सगळ्यांपुढे राहून वेग कमी ठेवणारी गाडी) आली आणि गाड्या काही फेऱ्या संथ फिरल्या. टायर थंड पडले, त्यांतला दाब उतरला, म्हणजे आधीच खाली बसवलेली गाडी आणखी खाली आली. त्यात त्या वर्षी ॲक्टिव्ह सस्पेन्शनवर बंदी आली होती. गाडीची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणाच गेली होती. मागून येणाऱ्या मायकेल शूमाकर या चालकाला सेनाची विल्यम्स संघाची गाडी उंचवट्यांवर घासताना दिसली. सातव्या फेरीत ती थेट भिंतीवर गेली.

इटलीतल्या न्यायालयाने स्टीअरिंग कॉलम (स्टीअरिंगचं चाक पुढच्या चाकांशी जोडणारा दांडा) तुटल्याचं कारण धरलं. गाडीचे डिझायनर एड्रियन न्यूई यांनी पुढे सांगितलं की गाडीची मागची बाजू आधी घसरली आणि त्या गाडीची हवेवरची पकड मुळातच बेभरवशाची होती. मला न्यूईंचं म्हणणं जास्त पटतं, कारण कॉलम आधी तुटला असता तर गाडी मागून न घसरता नुसती सरळ गेली असती. सेनासारख्या चालकालाही तिथे सावरायला पुरते दोन सेकंदही नव्हते.

त्याच वर्षी गाड्या फार खाली बसवता येऊ नयेत म्हणून त्यांच्या पोटाखाली १० मिमी जाडीची लाकडी फळी सक्तीची झाली. ती ठरावीक मर्यादेपलीकडे झिजली, तर गाडी बाद. पुढच्या वर्षी ताम्बुरेलोचं ते वेगवान वळणही मोडून तिथे शिकेन (वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं) बांधली.