गाडी भिजली तर वाळू द्या

प्रश्न : माझ्या वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी दापोली तालुक्यात आमच्या गावच्या घरी आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. मी पुण्यात असतो, दीड-दोन महिन्यांनी गावाला फेरी होते. घराला पडवी आहे, पण तिच्यात गाडी मावत नाही. त्यामुळे ती अंगणात आंब्याखाली उभी असते. पावसाळ्यात काका तिच्यावर निळी ताडपत्री गच्च बांधतात. तरीही यंदा दारांच्या खालच्या कडांना रंग फुगलाय आणि आत कुबट वास येतो. समुद्र तीन किलोमीटरवर आहे. इंजिन चालू आहे. गॅरेज बांधण्याची सध्या ऐपत नाही आणि गाडी विकायची नाही. सोबत तीन फोटो पाठवतो आहे. काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचे फोटो मोठे करून नीट पाहिले. पहिल्यात गाडी दिसतच नाही. मुंबईला आंब्याचं पार्सल पाठवावं तशी काथ्याच्या दोरीने आवळलेली निळी ताडपत्री तेवढी दिसते. दुसऱ्यात डावीकडचं पुढचं चाक चिखलात बोटभर रुतलंय आणि टायरवर शेवाळ आलंय. तिसऱ्यात दाराची कड आहे. तिथला रंग फुगला म्हणजे पत्रा आतून कुजत आलाय. गंज आतून बाहेर येतो, रंग फुगतो तो शेवटी.

आधी एक सांगतो, काकांवर रागावू नका. त्यांनी जे केलं तेच मीही केलंय, आणि ते गाड्यांवर पोट असताना केलंय. चिपळूणला नवीन गॅरेज टाकलं तेव्हा माझी स्वतःची फियाट मागच्या अंगणात प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून मिरगाच्या आधी झाकून ठेवली. गणपतीला सोडली. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला असतात तसे. टपावर, जिथे जिथे कागद चिकटला होता तिथे तिथे, गोवर यावा तसे फोड. बाहेरून पावसाचा एक थेंब आत गेला नव्हता. सगळं पाणी आतलंच होतं.

ते आत येतं कुठून? जमिनीतून. तुमचं अंगण मातीचं आहे. पावसाळ्यात माती चिंब असते, तिची वाफ वर येते, ताडपत्रीत अडकते आणि रात्री पत्रा गार झाला की त्याच्यावर बसते. दिवसा पुन्हा वाफ, रात्री पुन्हा थेंब. असं चार महिने. त्यात तुमच्याकडचा खारा वारा. पत्र्यावर मिठाचा थर असला की तो हवेतली ओल ओढतो, म्हणजे पाऊस नसतानाही पत्रा ओलाच. नुसतं भिजल्याने गाडी सहसा कुजत नाही, ओली राहिली की कुजते.

याचा पुरावा मी मुंबईत उमेदवारी करताना रोज बघायचो. काळ्यापिवळ्या टॅक्सीला कुठे होतं गॅरेज? रात्री फुटपाथच्या कडेला, दिवसा रस्त्यावर, समुद्राचा वारा, पाऊस, सगळं अंगावर. तरी वीस-वीस वर्षं चालल्या. त्यातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरली तेव्हाच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, रस्त्यावरून उतरली. आता त्यांच्या फरशीला किती ठिगळं असायची ते मला विचारू नका, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी माझे दोन शर्ट त्यातच गेलेत. पण त्या गाड्या रोज चालायच्या. इंजिनाची ऊब, खालून वारा, चाकांची फिरणी यांनी त्या वाळायच्या. तुमच्या गाडीला ते मिळत नाही, म्हणून ते दुसऱ्या मार्गाने द्यावं लागेल.

तर मांडव घाला. गॅरेज नको, चार भिंती नकोतच. पद्मिनी जेमतेम १३ फूट लांब आणि ५ फुटांच्या आत रुंद. तिच्यावर १८ बाय १० चं छप्पर पुरे. जीआय पाइपचे सहा खांब, वर पत्रा. उतार पश्चिमेकडे आणि ती बाजू खाली आणा, कारण तुमच्याकडची झड तिकडूनच येते. पश्चिमेला माडाच्या झापांचा आडोसा बांधा, पण जमिनीपासून दीड-दोन फूट मोकळं सोडून. बाकी तीन बाजू उघड्या. खांब काँक्रीटमध्ये दोन फूट गाडा आणि पत्र्याला साधे खिळे नकोत, पाइपला अडकणारे वाकडे जे-हुक लावा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात तुमच्याच तालुक्यात पत्रे कसे उडाले ते काकांना आठवत असेल. उडालेला पत्रा गाडीवर पडण्यापेक्षा गाडी पावसात असलेली परवडली.

मांडव आंब्याखाली नको. आंबा गाडीचा वैरी आहे हे आंबेवाल्यांच्या मुलखात कुणाला पटत नाही. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टपावर पडतो, त्याच्यावर काळी बुरशी धरते. कैरीच्या देठाचा चीक रंगावर पडून उन्हात तापला की डाग कायमचा. पावसाळ्यात पानं काचेखालच्या जाळीत कुजून बसतात आणि पाणी जायची वाट बुजवतात. माडाखाली नको हे तुम्हाला कोकणी माणसाने सांगायला नकोच.

मांडवाखाली जमीन एक वीत उंच करा. जांभ्याच्या चिऱ्यांचं जोतं, वर सिमेंटचा कोबा. आणि कोब्याच्या खाली तो प्लॅस्टिकचा कागद घाला. प्लॅस्टिकची जागा गाडीखाली आहे, वर नाही. खालची वाफ तिथेच अडते. निळी ताडपत्री काकांना लाकडांवर घालायला द्या, त्यांचाही मान राहील. गाडीवर घालायचंच असेल तर सुती किंवा हवा जाणारं कापडी कव्हर, तेसुद्धा धूळ आणि पक्ष्यांच्या घाणीपुरतं आणि गाडी पूर्ण सुकी असतानाच. वाऱ्याने फडफडणारं कव्हर पॉलिशपेपरसारखं रंग घासतं, म्हणून पोटाखालून बांधा, पण सैल.

आता त्या दाराकडे या. काचेच्या रबरातून दारात पाणी जाणारच, गाडी नवी होती तेव्हाही जायचं. म्हणून दाराच्या तळाला दोन-तीन बारीक भोकं असतात. तुमची बुजली आहेत. धूळ, पालापाचोळा आणि बहुतेक वेळा रंगाऱ्याने भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी. खराट्याचा एक हीर घ्या, भोकात घालून हळू फिरवा. तार वापरू नका, उरलासुरला रंग खरवडला जातो. माझ्या समोर एकदा एका दारातून असं अर्धं तपेलं पाणी आलं होतं, आणि त्यात मेलेलं फुलपाखरू. वर काचेच्या कडेला पाण्याची पन्हळ असते, तीही तशीच साफ करा.

मग फरशी. रबरी मॅट, खालचा गालिचा, त्याच्या खालचा काळा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखा जाड थर, सगळं बाहेर. कुबट वास त्या नमद्याचा आहे, तो कधीच वाळत नाही. फेकून द्या. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून मुठीने फरशी, दाराखालची सिल, चाकांच्या वरचा पत्रा आणि डिकीतली स्टेपनीची जागा ठोकत जा. खण्ण वाजलं तर पत्रा शाबूत. भद्द वाजलं तर तिथे खडूने खूण करा. पद्मिनीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडी हीच तिची हाडं. म्हणून सिलला भोक पडलं असेल तर लांबी आणि फायबरने झाकणाऱ्याला दारात उभं करू नका. कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, आणि तो जोडणारा हात मिळेपर्यंत गाडीवर रंगाचा एक रुपया घालू नका.

खालून डांबरी कोटिंग मारून घ्या असं तुम्हाला चार जण सांगतील. गंजावर मारलं तर गंज आत सुखाने वाढतो आणि कोटिंग पापुद्र्यासारखं सुटेपर्यंत कळतही नाही. आधी तारेच्या ब्रशने घासा, प्रायमर मारा, मगच. जुने मिस्त्री जळकं ऑइल फवारायचे. पत्रा वाचायचा हे खरं, पण रबराचे बुश फुगून जायचे, आणि अंगणातल्या विहिरीला लागून ते करू नये.

मिरगाच्या आधी एक दिवस काढून या आणि एवढं करा. गोड्या पाण्याने खालून-वरून धुऊन दिवसभर उन्हात दारं उघडी ठेवा. मेणाचं पॉलिश लावा, बंपरच्या क्रोमवर व्हॅसलीनचा पातळ हात. ग्रीसिंग करून घ्या, नवं ग्रीस जुनं पाणी बाहेर ढकलतं. बॅटरी काढून घरात. टाकी भरून ठेवा, अर्धी टाकी सगळ्यात वाईट. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल शोषतं आणि जुनी रबरं खातं, म्हणून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि पाइप बदलून घ्या आणि गाडी ठेवताना कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. हँडब्रेक ओढू नका, ड्रमला लायनर चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे द्या. चार महिने हलणार नसेल तर घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवा. काचा बोटभर उघड्या ठेवा. मांडव असला तरच हं.

उंदरांवर डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं वगैरे सगळं मी करून पाहिलंय. एका उंदराने तंबाखूच्या पानांवरच घरटं केलं होतं. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर क्लीनरच्या नळीला बारीक जाळी बांधा. तिथे चिंधी कोंबू नका, मागाहून विसरायला होते.

आणि काकांचं काम. गाडी सुरू करायला त्यांना सांगू नका. पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हा सगळ्यात मोठा अपाय आहे. पेट्रोल जळताना पाणी होतं, ते गार सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साठतं आणि बाहेर पडण्याइतकी ऊब येण्याआधीच तुम्ही चावी फिरवता. तुम्ही स्वतः जाल तेव्हा बॅटरी जोडा आणि सलग दहा-पंधरा किलोमीटर चालवा, ब्रेक मारत मारत. काकांनी फक्त उघाड पडली की चारी दारं, डिकी आणि बॉनेट उघडून ठेवायचं आणि दुपारी चहाच्या वेळी लावायचं. गणपतीपर्यंत अशा आठ-दहा दुपारी मिळाल्या तरी पुष्कळ. त्यांना जमेल. ताडपत्री इतक्या निगुतीने बांधणारा माणूस आहे तो.

प्रश्न : ठाण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये माझी १९९१ची अ‍ॅम्बेसेडर आहे. शेड घालायला कमिटी परवानगी देत नाही. चांदी रंगाचं वॉटरप्रूफ कव्हर घेऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वॉटरप्रूफ नको. कारण वर सविस्तर आलंय. तुमच्याकडे डांबर किंवा पेव्हर ब्लॉक असतील, म्हणजे जमिनीची वाफ कमी, आणि गाडी हाताशी आहे. तेव्हा पावसाळ्यात कव्हर काढूनच ठेवा आणि दर रविवारी सकाळी घोडबंदर रोडला एक फेरी मारा, इंजिन पुरतं तापेपर्यंत. कव्हर उन्हाळ्यासाठी. डॅशबोर्ड आणि सीट उन्हाने जातात, पावसाने नाही. पुढच्या काचेचं रबर कडक झालं असेल तर बदला, नाहीतर तिथून झिरपलेलं पाणी थेट पायाखाली जातं. आधीच्या उत्तरातली ठोकून पाहायची युक्ती तुम्हीही करा. अ‍ॅम्बेसेडरचा पत्रा जाड असतो, कुजायला वेळ घेतो, एवढाच फरक. टायरच्या बाजूंना चिरा दिसल्या तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदला.

प्रश्न : माझ्याकडे १९७४ ची गाडी आहे. ती व्हिंटेज म्हणून नोंदवली तर फायदा काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : २०२१ मध्ये केंद्राने यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी गाडी त्यात बसते. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुनाच नंबर ठेवता येतो. नवीन नोंदणीला २० हजार रुपये फी आहे, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं. पण नंतर ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर. तुम्ही दर शनिवारी पन्हाळ्याला जात असाल तर साधी नोंदणीच ठेवा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा. नोंदणी कुठलीही असो, इंजिन आणि चॅसीचे नंबर ब्रशने साफ करून, फोटो काढून, वर ग्रीसचा हात मारून ठेवा. गंजाने आकडे खाल्लेली गाडी तपासणीला नेली की काय होतं ते मी एका गिऱ्हाइकाबरोबर तीन दिवस रांगेत उभं राहून पाहिलंय.