ग्रहांचे फोटो : दोष दुर्बिणीचा की हवेचा?

प्रश्न : सहा इंची डॉबसोनियन (सहा इंच व्यासाच्या आरशाची, साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) घेतली. डोळ्याने गुरूचे पट्टे छान दिसतात, पण मोबाइलने फोटो काढला की नुसता पांढरा ठिपका येतो. मित्राचा ग्रहांसाठीचा कॅमेरा लावून बघितला, तर पडद्यावर गुरूची कड सारखी थरथरत होती. आता दहा इंची दुर्बीण घ्यावी का?
(एक वाचक, सांगली)

एवढ्यात घेऊ नका. पांढऱ्या ठिपक्याचा बंदोबस्त सोपा आहे. मोबाइलला बहुतेक सगळी चौकट काळी दिसते, म्हणून तो उजेड वाढवतो आणि त्यात गुरू जळून जातो. पडद्यावर गुरूवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, पट्टे दिसेपर्यंत उजेड खाली ओढा आणि फोटोऐवजी व्हिडिओ घ्या.

थरथरण्याचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण ग्रहांच्या फोटोग्राफीत निम्म्याहून अधिक कस तिथेच लागतो. गुरू प्रतियुतीला, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर आणि आपल्या जवळ, आला तरी जेमतेम ४५ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असतो, म्हणजे अडीच सेंटिमीटरचं नाणं ११५ मीटरवरून दिसेल तेवढा. तुमचा सहा इंची आरसा ०.७७ विकलांपर्यंतचा तपशील वेगळा दाखवू शकतो. हिशेब केलात तर गुरूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठेक बारीक तपशील मावतात, आणि हौशी माणसाला ते खूप झाले. पण हवा अस्थिर असलेल्या रात्री तारा दोन-तीन विकलांपर्यंत फुगतो. अशा रात्री सहा इंची आणि दहा इंची एकाच मापाच्या. खर्च तेवढा वाया.

ही हवा तीन ठिकाणी त्रास देते : नळीच्या आत, जमिनीलगत आणि खूप उंचावर. त्यातल्या पहिल्या दोन आपल्या हातातल्या आहेत. घरातून बाहेर आणलेला आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो आणि त्याच्या अंगावरून उष्ण हवा नळीत वर चढत राहते. हे बघायचं असेल तर एखादा ठळक तारा घ्या आणि फोकस थोडा बिघडवा. एकात एक अशी वर्तुळं दिसतील. त्यांच्यावरून एकाच बाजूने सावल्यांचे लोट सरकताना दिसले, तर आरसा अजून निवलेला नाही. दुर्बीण किमान तासभर आधी बाहेर ठेवा. आरशामागे संगणकातला छोटा पंखा लावलात तर वेळ बराच वाचतो. हीच वर्तुळं एकमेकांत मध्यावर बसत नसतील तर आरशांची जुळवणी, म्हणजे कोलिमेशन, बिघडलेलं आहे. ते त्याच ताऱ्यावर लगेच दुरुस्त करा.

आता तुम्ही दुर्बीण कुठे लावता? पत्रात लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे दहातले नऊ जण गच्चीवर लावतात. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता सोडत असतो. शेजारचे पत्रे आणि एसीचं बाहेरचं युनिट त्यात भर घालतात. मी परसातल्या गवतावर दुर्बीण लावते. तिथून पूर्वेचं निम्मं आकाश झाडांमागे जातं, तरी मला ते चालतं. ग्रह डोक्यावर येईपर्यंत थांबायचंच असतं, आणि त्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. २०२० च्या प्रतियुतीत लंडनहून गुरू क्षितिजापासून १६-१७ अंशांच्या वर चढलाच नाही. तोच सांगलीत ५० अंशांवर होता. ग्रह खाली असला की हवेचा थर जाड लागतो, शिवाय हवा लोलकासारखी वागते आणि कडेला एकीकडे निळी, दुसरीकडे तांबडी किनार येते. आपल्या अक्षांशावर ग्रह उंच चढू देणं हाच त्यावरचा बिनखर्चाचा इलाज.

प्रश्न : डिसेंबरात आकाश काचेसारखं स्वच्छ असतं, तारे लखलखतात. तरी माझे शनीचे फोटो ऑक्टोबरपेक्षा वाईट का येतात?
(एक शिक्षिका, नाशिक)

तारे लखलखतात म्हणूनच. लुकलुकणं म्हणजे वरची हवा हलते आहे. स्वच्छ आकाश आणि स्थिर आकाश या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तेजोमेघांच्या फोटोला पहिलं लागतं, ग्रहांना दुसरं. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेचा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, जोरात वाहतो, आणि तो दक्षिणेकडे सरकला की आपल्याही डोक्यावरची हवा घुसळून निघते. हवामानाच्या नकाशांत २५० हेक्टोपास्कल या (हवेच्या दाबाने मोजलेल्या, उंचावरच्या) पातळीवरचा वारा बघायची सवय लावा. तिथे वारा मंद असेल आणि खाली थोडं धुरकट, वारा पडलेला असेल, तर ती रात्र सोडू नका. धुरकट हवेत ग्रह थोडा मंद दिसतो, पण ग्रहांकडे उजेड भरपूर आहे.

शिवाय डिसेंबरात शनी प्रतियुतीपासून लांब गेलेला असतो, संध्याकाळीच माथ्यावरून पुढे सरकतो. २०२६ मध्ये त्याची प्रतियुती ४ ऑक्टोबरला आहे. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसली होती आणि आता हळूहळू उघडताहेत, त्यामुळे जुन्या फोटोंसारखी रुंद कडी इतक्यात मागू नका.

प्रश्न : व्हिडिओ किती मिनिटांचा घ्यावा? माझ्या डॉबसोनियनला मोटर नाही. आणि शेवटी शार्प केलेला फोटो प्लास्टिकसारखा दिसतो, तो का?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

व्हिडिओ का घेतो ते आधी लक्षात घ्या. हलत्या हवेत मध्येच सेकंदाच्या काही शतांश भागापुरतं चित्र स्थिरावतं. सेकंदाला १०० फ्रेम धरल्या तर दोन मिनिटांत १२,००० फ्रेम हाती येतात. ऑटोस्टॅकर्टसारखा प्रोग्राम त्यांची प्रतवारी लावतो आणि वरच्या १०-२० टक्के एकावर एक रचतो.

मर्यादा घालतो तो गुरूच. तो ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. ४५ विकलांच्या बिंबावर मधला तपशील मिनिटाला पाव विकलेच्या आसपास सरकतो, म्हणजे सहा इंची दुर्बिणीला तीन मिनिटांत फरक जाणवू लागतो. आठ इंचीला दोन-अडीच मिनिटं पुरे. शनीचं बिंब लहान, त्यामुळे तिथे पाच-सहा मिनिटं चालतात. मंगळ तर २४ तास ३७ मिनिटं घेतो, तिथे घाई नाही.

मोटर नाही म्हणून अडत नाही. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण, २एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग) आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा छोटा सेन्सर असा संच धरला, तर गुरू सेन्सरच्या लांबीभर सरकायला अर्धा मिनिट घेतो. त्याला एका कडेला आणा, हात काढा, जाऊ द्या. असे चार-पाच तुकडे पाठोपाठ घ्या. पीआयपीपी हा मोफत प्रोग्राम प्रत्येक फ्रेममध्ये ग्रह मध्यावर आणून देतो. बार्लोचा नियम ढोबळ आहे : पिक्सेलच्या मायक्रॉनची पाचपट म्हणजे तुमचा एफ-आकडा (बार्लोसकट नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास). त्याच्या वर गेलात तर चित्र मोठं होतं, तपशील वाढत नाही.

प्लास्टिकचं कारण वेव्हलेट, म्हणजे प्रोग्राममधली शार्प करायची सरकपट्टी. ती तपशील उघडते, पण तिला तपशील आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही. जास्त ओढली की बिंबाच्या कडेला सालीसारखी रेघ उमटते आणि पट्ट्यांत नसलेले ठिपके तयार होतात. हे मला मनापासून खटकतं. ग्रहावर नसलेली गोष्ट दाखवणारा फोटो कितीही देखणा असो, तो खोटा आहे. दोन लागोपाठच्या व्हिडिओंवर स्वतंत्र प्रक्रिया करा. जे दोन्हींत दिसतं तेवढंच ठेवा.

प्रश्न : अवकाशयानं गुरूपर्यंत पोचलेली असताना आपल्या फोटोंचा काय उपयोग?
(निवृत्त वाचक, पणजी)

यान रोज रात्री संपूर्ण गुरूवर पाळत ठेवत नाही. जगभरचे हौशी ठेवतात. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातून ख्रिस्तोफर गो यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये टिपलं की गुरूवरचं एक पांढरं वादळ, ओव्हल बीए, तांबडं झालं आहे. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या अँथनी वेस्ली यांना साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूवर नवा काळा डाग दिसला. काहीतरी आदळलं होतं. नंतर मोठ्या वेधशाळांनी आणि हबलने तिकडे नजर वळवली. म्हणून फोटोसोबत तारीख आणि वेळ सेकंदांपर्यंत लिहा, तीही जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. वेळ न लिहिलेला फोटो अभ्यासाला निरुपयोगी ठरतो.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. ६७५ पट मोठं दाखवणारी ७० मिलिमीटरची दुर्बीण घेऊ का?
(एक आई, कोल्हापूर)

खोक्यावर असा आकडा असेल तर ती घेऊ नका. ७० मिलिमीटरला फार तर १४० पट झेपतं. आधी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्या एखाद्या आकाशदर्शनाला तिला घेऊन जा आणि तिला स्वतःच्या डोळ्याने शनी बघू द्या. दुर्बीण त्यानंतर घ्या. कोणतीही घेतलीत तरी ती दिवसा सूर्याकडे वळवायची नाही, हे पहिल्याच दिवशी तिला निक्षून सांगा.